देवाच्या वाती, जावयाच्या वाती

कार्तिक लागला की साताऱ्याहून आमच्याकडे स्टीलचा एक डबा येतो. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून येतो, पण येतो. आत दोन पुड्या असतात. एकीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ‘देवाच्या’. दुसरीवर, ‘जावयाच्या’. देवाच्या पुडीत तुपात भिजवून थिजवलेल्या वाती. जावयाच्या पुडीत कोरड्या, वीतभर लांब, सुतळीसारख्या घट्ट वळलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक गाठ. ही गाठ खास माझ्या अकलेसाठी मारलेली असते. अंधारात चाचपूनसुद्धा जावयाला कळावं, की ही तुपातली नव्हे.

आज सकाळी डबा आला. शैलानं, म्हणजे बायकोनं, तो माझ्या हातात देताना चेहरा अगदी सरळ ठेवला होता. एवढा सरळ चेहरा ती वर्षातून एकदाच करते.

सांगलीतला कार्तिक तसा कुणी मुद्दाम नाव घ्यावं असा महिना नाही. पावसाची मिजास उतरलेली असते आणि थंडीची अजून चढायची असते. कृष्णा घाटाच्या पायऱ्या एकेक करून परत देत असते. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी वाजवत जातात, आणि मागं पडलेलं कांडं उचलायला चांगले इस्त्रीचे कपडे घातलेले लोकही गाडी थांबवतात. मीही थांबवतो. सकाळी गुऱ्हाळाचा गोडसर धूर येतो आणि उन्हाची तिरीप स्वयंपाकघराच्या खिडकीतून आडवी आत शिरते. त्या तिरिपेत कुंडीतल्या आफ्रिकन व्हायलेटच्या पानांवरची लव अशी उजळते, की नुकत्याच जन्मलेल्या वासराचा कान आठवावा. मी चहाचा कप हातात धरून बघत राहतो. चहा गार होतो. शैला म्हणते, “झाली का पूजा?”

पूजाच म्हणायची. पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या माणसानं एका लवदार पानापुढे तोंड उघडं टाकून उभं राहावं, याला दुसरं काय म्हणणार?

खरं तर मी झाडांच्या कामाचा माणूस नव्हे. आमचं गाव आटपाडीकडचं, घर मेंढरांचं. माझे वडील, आबा, यांच्या लेखी जगात झाडं दोनच प्रकारची: मेंढरू खातं ती आणि मेंढरू खात नाही ती. दुसऱ्या प्रकारातल्या झाडांची नावं लक्षात ठेवायची त्यांना कधी गरज पडली नाही. आमच्याकडे पाणी ही वाकून, शोधून, खांद्यावर वाहून आणायची गोष्ट. ते एखाद्या फुलासाठी बशीत ठेवतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते साताऱ्याला, मुलगी बघायला गेलो तेव्हा. मुलीकडे बघायचं सोडून मी खिडकीकडे बघत होतो, असा आरोप शैला अजून करते. आरोप खरा आहे. अडतीवर हात इतके पिवळे होतात, की लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी तुमची हळद उतरली नाही, असंही ती म्हणते. तेही खरं आहे.

ती खिडकी माझ्या सासऱ्यांची. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना मामी. मामा एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक. बोटं केळीच्या घडासारखी जाड, नखांत आयुष्यभराचं ऑइल. ऐन उमेदीत ते काही वर्षं महाबळेश्वरला होते. तिथल्या कुठल्याशा बंगल्याच्या माळ्याची लूना त्यांनी दुरुस्त करून दिली, तर त्यानं एक पान दिलं. नुसतं पान, देठासकट. मामा म्हणायचे, “मला वाटलं, माळी येडा हाय. मी लूना नीट करून दिली आन् ह्यानं मला पान दिलं, त्येबी खायाचं न्हाई.” ते पान त्यांनी जेवणाच्या डब्यात, ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणलं. माळ्यानं सांगितल्याप्रमाणे मातीत खोचलं. आणि दोन महिन्यांनी त्या पानाच्या बुडाशी, देठ कापला होता तिथून, चार झाडं उगवली.

त्या दिवसापासून मामा कामातून गेले. म्हणजे कामावर जात होते, पण उरलेले सगळे त्या खिडकीत. स्वयंपाकघराची उत्तरेची खिडकी, खाली ओटा. ओट्यापुढे मामी, ओट्यावरच्या कडप्प्यावर मामांच्या कुंड्या. व्हायलेट आलं, मग व्हायलेटचे नातलग आले. मामा त्यांना भावकी म्हणायचे. “बसा, भावकीची वळख करून देतो,” म्हणत ते जावयाला स्टुलावर बसवायचे. हे ग्लॉक्सिनिया: मखमलीची घंटा, पण फुलून झालं की जमिनीखाली गड्डा करून चार महिने झोपतं, हा झोपाळू पुतण्या. ही तांब्याच्या पानांची एपिशिया: पाय पसरून पसरून पोरं टाकत जाते, हिला जागा पुरत नाही. आणि हे लांब जिभेचं स्ट्रेप्टोकार्पस: पानाच्या मधल्या शिरेतूनच फुलाचा दांडा काढतं. “कोण आफ्रिकेचं, कोण ब्राझीलचं,” मामा म्हणायचे, “पर लव बघा, देठ बघा, घशातला रंग बघा. भावकी लपत न्हाई.”

मामी ओट्यापुढून म्हणायच्या, “वास न्हाई, देवाला चालत न्हाई, भाजी हुत न्हाई. कशाची भावकी घिऊन बसलाय?”

एकदा श्रावणात मामांनी मला स्कूटरवर मागे बसवून यवतेश्वरच्या घाटात नेलं. एका वळणावर गाडी थांबवली. धुकं असं, की दोन हातांवरचा माणूस विरघळावा. ते मला ओढत एका कपारीपाशी घेऊन गेले, जिथं दगडातून पाणी ठिबकत होतं. बोटानं दाखवलं. काळ्या ओल्या कातळाला चिकटून हातभर झाड, पानाचा एक गाल मोठा, एक लहान, आणि दांड्यावर निळी फुलं एकाच बाजूला ओळीनं मान घातलेली. एवढीशी फुलं. पण निळी अशी, की त्या पांढऱ्या धुक्यात तेवढाच रंग जगात शिल्लक राहिल्यासारखा वाटला.

“ही आपली भावकी,” मामा हळू आवाजात म्हणाले. “हिला कुणी लावलं न्हाई, पाणी घातलं न्हाई. आफ्रिकेतली तिकडं डोंगराला चिकटून बसली आन् ही हितं. मदी अख्खा समुद्र.”

ते तिथंच फुलांकडे बघत उभे राहिले. मीही राहिलो. माझ्या चपलेत पाणी शिरलं होतं, चष्म्यावर थेंब होते, भूक लागली होती. पण मला अजून आठवतं ते हे, की वर्कशॉपमधल्या त्या राकट माणसानं कपारीतून निघताना त्या फुलांपुढे दोन्ही हात जोडले होते, कुणी बघत नाही ना हे बघून. मी बघत नाही असं दाखवलं.

मामा चार वर्षांपूर्वी, पावसाच्या शेवटी गेले. झोपेत गेले. आणि पुढच्या बारा दिवसांत त्यांची भावकीही गेली. त्यात कुणाचा दोष नव्हता. येणारा प्रत्येक माणूस मामींजवळ बसायचा, काय बोलावं सुचायचं नाही, आत पाणी प्यायला जायचा, खिडकी बघायचा आणि तांब्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायचा. दुःखाला हाताशी काहीतरी काम लागतं. बारा दिवस सगळ्या नात्यागोत्यानं मायेनं पाणी घातलं आणि लवदार पानांची ती झाडं एकेक करून बुडातून सडली. मामींनी तेराव्या दिवशी खिडकी लावून घेतली.

एकच वाचलं. साधं जांभळं व्हायलेट, माळ्याच्या त्या पानापासूनचं सगळ्यात जुनं. मामांनी ते कधीतरी पिठाच्या डब्याआड सरकवून ठेवलं होतं, म्हणून कुणाच्या तांब्याला सापडलं नाही. त्याच्या मधोमध एक कळी होती, मोहरीएवढी.

मामी आमच्याबरोबर सांगलीला आल्या त्या ती कुंडी मांडीवर घेऊन. आयुष्यभर त्या खिडकीला नावं ठेवणारी बाई सांगलीपर्यंत पदराआड कुंडी धरून बसली होती. घरात पाऊल टाकताच त्यांनी सांगून टाकलं, “शैला, मी काय हितं ऱ्हायला आले न्हाई. त्या बंद खिडकीच्या घरात एकटीला शिरवत न्हाई, म्हणून आले. ह्येला कळी हाय. फुललं की आमी दोघं जातो परत.”

आमी दोघं. शैला आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

म्हणजे सगळं त्या कळीवर होतं. रोज सकाळी मामी उठून आधी खिडकीशी जायच्या. “आजून न्हाई,” म्हणायच्या आणि मग तोंड धुवायच्या. दुपारी गॅलरीत कापूस घेऊन बसायच्या. त्रिपुरी पौर्णिमेला मंदिरात लावायला त्या दरवर्षी वाती वळतात. सरकी काढायची, कापूस पिंजून पेळू करायचा, बोटाला भस्म लावायचं आणि तळहातावर असा एक वळसा द्यायचा, की कापूस होता की नव्हता असं वाटावं. मग वाटीत तूप पातळ करून त्यात वाती बुडवून डब्यात ठेवायच्या. आधीच तूप मुरलेली वात, म्हणे, एका काडीत पेटते आणि वाऱ्याला दबत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर हा लेख झाला नसता.

त्या कार्तिकात शैलाला शाळेच्या प्रशिक्षणासाठी आठ दिवस पुण्याला जावं लागलं. त्याच आठवड्यात मामी बहिणीकडे कडेगावला गेल्या. शैलानं जाताना मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, “दिवसाआड बशीत पाणी. वरून ओतायचं नाही. पानावर थेंब नको. उन्हात ठेवायचं नाही.” मी म्हटलं, “मला काय अक्कल नाही का?” ती म्हणाली, “दिवसाआड. बशीत.”

दुसऱ्याच दिवशी मालकांनी मला जुन्या हळदीचा माल बघायला हिंगोलीकडे पिटाळलं. सहा दिवस. कुंडी शेजाऱ्यांकडे द्यावी हे साधं शहाणपण मला सुचलं नाही, कारण त्याहून मोठं शहाणपण सुचलं. फोनवर मी एक व्हिडिओ पाहिला होता: कुंडीच्या भोकातून एक दोरी वर मातीत घालायची, तिचं खालचं टोक पाण्यात सोडायचं, की झाड आपापलं पाणी ओढून घेतं, हवं तेवढंच. पाणी वर चढतं! आटपाडीच्या माणसाला याहून मोठा चमत्कार कोणी दाखवू शकत नाही. व्हिडिओत नायलॉनची दोरी होती. मी मनात म्हटलं, नायलॉन कशाला? आपल्या घरात साक्षात कापसाच्या वाती आहेत. दिव्यात तेल वर चढवतात, त्या पाणी चढवणार नाहीत?

देवघराच्या फळीवरचा डबा काढला. चांगली जाड, लांब वात निवडली. नाडा ओवायच्या सळईनं ती भोकातून वर ओढली. हाताला जरा ओशट लागली, तर मला वाटलं, मामींच्या हाताचा गुण. खाली पातेलं काठोकाठ भरलं, त्यावर दोन पट्ट्या आडव्या टाकून कुंडी ठेवली आणि वातीचं टोक पाण्यात सोडलं. फोटो काढून शैलाला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘विज्ञान’.

सहा दिवसांनी कुलूप उघडलं, तर पातेलं काठोकाठ भरलेलं तसंच. वर झाड मात्र उकडलेल्या मेथीसारखं कुंडीच्या कडेवर पडलेलं. आणि पातेल्याच्या कडेवरून, आडव्या पट्टीवरून वातीला गाठून, मुंग्यांची एक शिस्तशीर रांग तुपाच्या वाटेनं वर चाललेली. काठोकाठ पाण्यावर बसून ते झाड तहानेनं मेलं होतं. तुपानं भरलेल्या कापसात पाण्याला शिरायला जागा कुठली?

पण मी तेव्हा एवढा विचार केला नाही. मी तेच केलं जे बारा दिवस सगळ्या नातलगांनी केलं. तांब्या भरला आणि वरून ओतला. वर दुपारभर उन्हात ठेवलं, म्हटलं जरा ऊब मिळू दे. संध्याकाळी कळी कुठंय बघायला बोट लावलं, तर झाडाचा मधला गाभा बोटाबरोबर हातात आला. तपकिरी, लिबलिबीत. कळीसकट.

मामी दुसऱ्या दिवशी काकवीची बाटली घेऊन आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी खिडकीशी गेल्या. मी मागे उभा होतो. मी आयुष्यात मालकांची बोलणी खाल्लीत, आबांच्या काठीचा मार खाल्लाय, पण त्या पाठमोऱ्या बाईची मला वाटली तेवढी भीती कशाचीच वाटली नव्हती.

त्यांनी कुंडी उचलली. वात ओढून काढली. नाकाशी नेली.

“तूप,” म्हणाल्या.

मी म्हटलं, “मामी, मला वाटलं...”

“डॉक्टरनं त्यास्नी शेवटची सात वर्सं तूप बंद केल्यालं,” मामी म्हणाल्या. “पुरणपोळीवर थेंब पडू दिला न्हाई मी. लय भांडायचे. आन् आता तुमी पाजलंत व्हय?”

आणि त्या हसल्या. हसताहसता ओट्याला टेकल्या. मग पदर तोंडाला लावला आणि खांदे हलत राहिले. ते हसणं होतं की दुसरं काही, हे मी विचारलं नाही. माझेही डोळे भरले होते, पण जावयानं रडायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी मुंग्या झाडत बसलो.

बऱ्याच वेळानं मामी म्हणाल्या, “बाहीरची तीन पानं धड हायत. ब्लेड आणा. कोरं.”

मी बघतच राहिलो. ही बाई गेली तीस वर्षं सांगत होती की तिला त्यातलं काही कळत नाही.

“आवं, काय बघताय? तीस वर्सं चुलीपुढं उबी ऱ्हायले. खिडकी नाकासमोर. बघायचं न्हाई म्हटलं तरी दिसतंच की.”

त्यांनी पानाचा देठ दोन पेरं राखून तिरका कापला. म्हणाल्या, “हळद आणा. घरातली नको, तुमच्या अडतीवरची, बिनभेसळीची.” मी धावत जाऊन चिमूट आणली; मालकांना काय सांगितलं ते विचारू नका. कापलेल्या तोंडाला त्यांनी हळद चोपडली, पोराच्या गुडघ्याला लावावी तशी. नारळाचा भुसा, वाळू आणि कुजका पाला कालवला, त्यात तीन पानं तिरकी खोचली, आणि वर माझी चिवड्याची काचेची बरणी पालथी घातली. चिवडा वर्षभर पिशवीत राहिला. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

अडतीवर ही गोष्ट पसरलीच. हमाल म्हणाला, “झाड मारून सासूला कायमची ठिवून घेतलीस की रं गड्या!” मी हसलो. पण घरी आलो की ती बरणी दिसायची, आणि मामी गॅलरीत नुसत्या बसलेल्या दिसायच्या, समोर कापूस नाही, काही नाही. परत जायचं नावही त्या काढत नव्हत्या. त्रिपुरी पौर्णिमेला त्या मंदिरात गेल्या नाहीत. तेव्हा मला कळलं, मी एक झाड मारलं नव्हतं. एका बाईची घरी जायची वाट बुजवली होती.

पहिलं पान आठव्या दिवशी काळं पडलं. दुसरं तिसऱ्या आठवड्यात. उरलं एक.

त्या एका पानासाठी मी मार्गशीर्ष काढला. मी उपास करणारा माणूस नाही, पण त्या महिन्यात गुरुवारी दोनदा जेवण चुकलं, कारण मी बरणीपाशी होतो. मूळ फुटलं का बघायला पान अलगद ओढायचं असतं. धरून राहिलं तर फुटलं. मी रोज ओढायचो. मामींनी एकदा पकडलं. “आवं जावईबापू, डाळ शिजली का बघताय व्हय? ठिवा तसंच. मुळाला लाज वाटती.”

पौषात आबा आले, डोळे तपासायला. बरणीतलं एकटं पान बघून विचारलं, “ह्ये काय?”

म्हटलं, “आबा, ह्या पानातनं झाड येणार आहे.”

आबा पाच मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, “पानातनं झाड? मंग शेपटीतनं मेंढरू का येत न्हाई रं?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला, पण तो मला सोडेना. खरंच का येत नाही? आपल्यापैकी कुणाचं बोट कापून पुरलं तर काय उगवतं? आणि हे पान, ज्याच्यात ना बी, ना फूल, ना डोळा. कापल्या जागेची ती जखम बुजवता बुजवता, त्याला आठवतं की आपण झाड होतो. मूळ कसं असतं, खोड कसं, कळी किती पाकळ्यांची, सगळं त्या हिरव्या कातडीत कुठंतरी लिहून ठेवलेलं. मी हळदीचा व्यापार बघणारा माणूस. हळदही कांडीपासूनच लावतात, बी पेरत नाहीत. आयुष्यभर हे डोळ्यांसमोर होतं आणि मला कधी हात जोडावेसे वाटले नव्हते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मामींची हाक आली. स्वयंपाकघरात गेलो, तर त्या बरणी उचलून वाकल्या होत्या. पानाच्या बुडाशी माती जरा उचलली गेली होती आणि तिथून उंदराच्या पिल्लाच्या कानाएवढी दोन पानं बाहेर डोकावत होती. त्यांवरही लव होती. एवढ्याशा, नखापेक्षा लहान पानांवर, एकेक केस नीट उभा. तो उन्हाचा कवडसा, ते बरणीवरचं दव, ते दोन कान. मी, शैला आणि मामी, तिघं डोक्याला डोकं लावून बघत होतो आणि कुणी श्वास सोडत नव्हतं, जणू आमच्या वाऱ्यानं ते परत आत जाईल.

मामींनीच आधी विचारलं. “जावईबापू, ह्ये त्यांचंच का? का नवीनच म्हणायचं?”

मी तोवर बरंच वाचलं होतं. म्हटलं, “मामी, बियांतून येतं ते पोर. आई-बापाचं थोडं थोडं घेऊन आलेलं. पानातून येतं ते तेच झाड. महाबळेश्वरचं, मामांच्या डब्यातलं, पिठाच्या डब्याआडचं. तेच.”

मामींनी बरणी अलगद परत पालथी घातली. दुपारी गॅलरीत कापूस पिंजायचा आवाज आला.

पुढचं लवकर सांगतो, जरी त्याला वेळ लागला. फाल्गुनात जुनं पान सुकून कागदासारखं झालं; सगळं दिलं आणि गेलं. चैत्र-वैशाखात मामींनी कुंडी माठाच्या अंगाला लावून ठेवली. माठ पाझरायचा, त्या गारव्यात झाडानं उन्हाळा काढला. पाणी मी घालायचो नाही. मला मनाई होती. वात मामींनी वळली, कोरडी. भाद्रपदात कळ्या आल्या, आणि दसऱ्यानंतर एका सकाळी मामी खिडकीशी गेल्या आणि “आजून न्हाई” म्हणाल्या नाहीत. मी तोंडात ब्रश घेऊन धावलो. जांभळी, साधी, पाच पाकळ्यांची, मधे पिवळे दोन ठिपके. जगात दुकानांतून याहून देखणी व्हायलेट मिळतात. मी एकही असं पाहिलेलं नाही. त्याचं एक पान काढून मामींनी माझ्यासाठी त्याच बरणीखाली खोचलं.

कार्तिकात मीच त्यांना साताऱ्याला सोडायला गेलो. गाडीत कुंडी माझ्या मांडीवर होती, हा माझा सन्मान. इस्लामपूरला एक बाई चढली, फुलाकडे बघत म्हणाली, “कुठलं ह्ये?” मामी माझ्याआधी म्हणाल्या, “आमच्या घरातलं.”

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं ते दोन खोल्यांचं घर वर्षभर बंद होतं. कुलूप गंजलं होतं. मामी आत शिरल्या त्या सरळ ओट्यापाशी, आणि दोन्ही हातांनी खिडकीची कडी ओढली. ती निघेना. मी पुढे झालो तर म्हणाल्या, “ऱ्हावू द्या.” तिसऱ्या हिसक्याला उघडली. उत्तरेचा निवांत उजेड आत आला, शहराच्या आवाजासकट. कडप्प्यावर कुंड्यांची गोल वर्तुळं उमटलेली होती, पांढरट, एकापाठोपाठ एक. सगळी भावकी जिथं जिथं बसायची तिथं.

पिठाच्या डब्याआडच्या वर्तुळावर मामींनी नवी कुंडी ठेवली. किंचित फिरवून बरोबर बसवली. मग पिशवीतून पुडी काढली, एक वात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि ती वात सावकाश नाकाशी नेऊन हुंगली.

“कोरडी हाय,” म्हणाल्या. कुंडी उचलून बुडाच्या भोकातून ती वर ओवली आणि खालचं टोक शेजारच्या बशीत सोडलं. “पाणी आता तुमी घाला. बशीत.”

मी बशीत पाणी ओतलं. वातीचं टोक आधी करडं झालं. मग ती ओल बोटभर चढली, मग दोन बोटं, कुणी ढकलत नसताना, कुणी ओढताना दिसत नसताना. दिव्यातही ती अशीच चढते आणि वर गेली की उजेड होते. मामी हात जोडून उभ्या होत्या, कुणी बघत नाही ना हे न बघता. ओल कुंडीच्या बुडात शिरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तिथून हललो नाही.